चौथीच्या मुलांनी गाळलेलं पाणी

कोल्हापूर,
२४ जानेवारी २०२५

ती. जयपालदादास,
आदितीचा जय जिनेंद्र.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे? वहिनीची चटणी पोचली.

परवा तू आमच्या हेडमास्तरांना फोन केलास. "बहिणीला सांगा, पुस्तकातलं तेवढं शिकव." अरे, माझ्याशी थेट बोलायला तोंड नव्हतं तुला? पुस्तकातलंच शिकवत होते की! चौथीला पाण्याचा धडा चालला होता. पोरांनी विचारलं, "बाई, आपल्या वड्यात मासं का न्हाईत?" म्हटलं, शोधा.

मग तीन आठवडे पोरं ओढ्याकाठी हिंडली. आपल्या घरी गाळतो तसं दुपदरी फडक्यानं पाणी गाळायचं आणि तक्त्यात लिहायचं. वरच्या पुलापाशी फडकं पांढरं. तुझ्या कापड-डाइंगच्या कारखान्याखाली जांभळं, कधी हिरवं!

गाळून झालं की फडक्यावरचे जीव परत विहिरीत सोडायला बाबांनी आपल्या दोघांना शिकवलं होतं. तू अजूनही न गाळलेला पेला तोंडाला लावत नाहीस. आणि ओढ्यात रंग सोडतोस? लाज कशी वाटत नाही रे?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. रंगाचं पाणी सोडणाऱ्या पाइपापाशी पोचल्यावर वर्गातली शांभवी म्हणाली, "बाई, ह्यो तुमच्या दादाचा कारखाना न्हवं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही. चला, उशीर झाला." आणि तक्त्यातला त्या जागेचा रकाना मी खोडला. दुसऱ्या दिवशी ती विचारते, "बाई, आमचं चुकलं व्हय?" नऊ वर्षांची पोर! तिचं खरं होतं, आणि मी तिलाच खोटं पाडलं. तुझा राग आलाय, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त.

काल वर्गासमोर सगळं कबूल केलं. रकाना पोरांनी परत भरला. परवाच्या ग्रामसभेत पोरं तो तक्ता वाचणार आणि अर्ज देणार, की पाणी स्वच्छ केल्याशिवाय ओढ्यात सोडू नये. हेडमास्तर म्हणतात, बदली होईल. होऊ दे.

तू ये. पोरं प्रश्न विचारतील, त्यांच्यावर खेकसू नकोस.

अर्जावर सगळ्यांच्या खाली माझी सही आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरचं आडनाव लावलंय. कुणाची बहीण बोलतेय, ते गावाला कळू दे.

तुझीच,
आदिती मगदूम