बिनफोडणीचं पिठलं

आई, तुझी ही गोष्ट मी कुणाला सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो. इथली साताऱ्याची माझी शेजारीण तर पदर तोंडाला लावून हसली. मी हसू देते, मीही हसतेच. पण हसून झाल्यावर जे वाटतं ते सांगायला मला धड शब्द सापडत नाहीत, आणि मग मी चहा टाकायला उठते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झाले, गुडघे तुझ्यासारखेच वाजतात, आणि अजून कधी भाजी निवडताना मनात येतं की त्या संध्याकाळी त्या उंबऱ्यावर तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं. उत्तर आहे माझ्याकडं, पण ते मला आवडत नाही.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. हे पलटणीबरोबर लांब तिकडं काश्मीरला, आणि मी आष्ट्याजवळच्या आपल्या घरात पाय पसरून तुझ्या हातचं खात बसलेली. आपल्या घराच्या पाठीमागं लागूनच अण्णांच्या चुलतभावाचं घर, दोन गोठ्यांमध्ये छातीएवढी भिंत. त्या घरात थोरली आजी, म्हणजे अण्णांची चुलती. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सासू नव्हती. भाकरीला पाणी किती लावायचं, भावकीत आधी कुणाच्या पाया पडायचं, लाथाडी म्हैस कुठल्या अंगाला बसून पिळायची, सगळं तुला थोरलीनं शिकवलं. तू तिला आत्याबाई म्हणायचीस, आणि माझ्या आईपेक्षा काकणभर जास्तच आहेत असंही म्हणायचीस. पुढं सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अण्णा आणि थोरलीचा मुलगा, म्हणजे माझे चुलते, भांडले. कुणी कुणाची मोटर बंद केली आणि कुणी कुणाची गचांडी धरली, मला दोन्ही बाजू तोंडपाठ आहेत आणि दोन्हींत निम्मं खोटं आहे. त्या तिरमिरीत अण्णा घरी आले आणि भांडणात नसलेल्या तुलाच शपथ घालून मोकळे झाले. "त्या घराचा उंबरा वलांडलास, तर माझं मेलेलं त्वांड बघशील."

गावात तुझ्याशिवाय पान हलत नव्हतं. कुणाच्या लेकीची पाठवणी असो, कुणाची सून अडलेली असो, कुणाच्या घरी गव्हाची खीर ढवळायला दांडगे हात लागोत, तुला बोलावणं यायचंच. ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या बायकांना तू खोपीवर जाऊन ताक देऊन यायचीस, आणि पुन्हा आपल्या भांगलणीत सगळ्यांच्या पुढं असायचीस. फक्त पाठीमागचं ते एक दार तुला बंद. मग तू काय युक्ती काढलीस ते आठवतं का? धार काढायला बसलीस की म्हशीशी मोठ्यानं बोलायचीस. आज शेवग्याची आमटी केली बाई, लेकीला आंबट लय लागतंय, अंगाचा साबण संपलाय. म्हैस बिचारी कान हलवायची. आणि भिंतीपलीकडून थोरली तिच्या गाईला सांगायची की सातव्या महिन्यात आंबट लागलं तर लागू द्यावं, चिंच मात्र जुनी घालावी. मी हसून हसून पोट धरायची. शपथ बोलण्याची नव्हती, उंबऱ्याची होती, आणि तू ती अक्षरशः पाळत होतीस.

मग थोरलीनं अंथरूण धरलं. सांगलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून घरी न्या म्हणाले. गाईला कुणी काही सांगेना झालं. तू धारेला बसून बोलायचीस, थांबायचीस, कान द्यायचीस आणि पुन्हा बोलायचीस. एवढी खमकी बाई तू, पण त्या दिवसांत तुझ्या हातून दूध उतू जायला लागलं. एकदा तू अण्णांना विचारलंस, आवं, एकदा बघून येऊ द्या, त्यांच्या हातात हात देऊन येते. अण्णांनी भाकरी मोडता मोडता नाही म्हणून मान हलवली. शपथ मागं घ्यायची तर आपण चुकलो म्हणावं लागतं, आणि ते आपल्या घरातल्या पुरुषांना कधी जमलंय? तुला दुसरं काही नको होतं, थोरली जायच्या आत तिला एकदा भेटायचं होतं. माझं विचारशील तर, मी अण्णांवर चिडले होते आणि तुझ्यावर जास्त चिडले होते, की ही एवढी सगळ्या गावाला पुरी पडते आणि नवऱ्यापुढं मान खाली घालते.

दिवस मावळायला टेकला होता. अण्णा उसाला पाणी पाजायला गेलेले. तेवढ्यात भिंतीपलीकडं बाईनं गळा काढला. आई गं, मला पोरकं करून गेलीस गं, असं लांबलचक. थोरलीच्या लेकीचा आवाज होता, ती शिरवळला दिलेली. तुझ्या हातातलं सूप खाली आलं. तू भिंतीला टेकून बसलीस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी तुझ्या तोंडाकडं बघून मला वाटलं की हिच्या पायातली बेडी तुटली. कारण मयतीला कुणाची शपथ आड येत नाही, असं आपल्याकडं धरतात. ज्या घरात माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीनं पिठलं-भाकरी करून न्यायची, कडू घास म्हणून ती त्या घरानं खायची, आणि त्या पिठल्याला फोडणी घालायची नसते. तुला आत जायला वाट मिळाली होती, पण कशी मिळाली होती बघ.

तू चूल पेटवलीस. तुझ्या भाकऱ्या थापायचा आवाज मला अजून ऐकू येतो, एरवीपेक्षा जरा घाईचा. नुसतं मीठ-हळद घालून पिठलं घोटलंस, टोपलीत घातलंस, वर धडपा झाकलास. पोटुशीनं मयताच्या घराकडं बघूही नये, आत बस, म्हणून मला दटावलंस आणि अनवाणी बाहेर पडलीस. मी अर्थातच लगेच गोठ्यात गेले आणि भिंतीवरून मान वर काढली. पलीकडचा सोपा तिथून सगळा दिसतो.

तू त्यांच्या दाराशी आलीस. दारात कुणी जमलेलं नव्हतं, अंगणात पाण्याचं घंगाळ नव्हतं, पण रडून सुजलेल्या डोळ्यांना ते कुठलं दिसायला? तू उंबऱ्याबाहेर टोपली हातात धरून उभी राहिलीस आणि रीतीप्रमाणं हंबरडा फोडलास. आत्याबाई, मला न सांगता कशा वो गेला, आता मी कुणाला विचारू? आणि सोप्यातल्या वाकळांतून थोरलीचा चिरका आवाज आला. "कुठं गेले न्हाई. हितंच हाय मी."

झालं होतं असं की लेकीला एसटीत गावच्या कुणी सांगितलं, तुझ्या आईचं काही खरं नाही. ती तशीच रडत आली, आईचे मिटलेले डोळे बघितले आणि गळा काढला. म्हातारीला नुसता डोळा लागला होता. पण आता जित्या माणसाच्या दारात तू मरणाची भाकरी घेऊन उभी होतीस, आणि तीही वैर धरलेल्या घरातली तू. चुलते ताडकन उठले. एरवी तुझ्यापुढं मान वर करून न बोलणारा माणूस, पण आवाज असा थरथरत होता की आता हात उचलतो की काय. "वैनी, जित्या माणसाला कडू घास घिऊन आलासा?"

तुझ्यापुढं तेव्हा काय होतं ते मी नंतर किती वेळा मोजून पाहिलं. माघारी फिरावं, तर कडू घास आपल्या घरात परत न्यायचा, जिथं पोटुशी लेक बसलीय. तसं केलं तर मरण आपल्या पाठीमागं घरी येतं, असं तू मानायचीस. तिथंच ठेवून यावं, तर म्हातारीच्या मरणाला बोलावल्यासारखं, आणि मग दोन घरांत रक्तच सांडलं असतं. आणि मयत नाही म्हणजे शपथ पुन्हा लागू, आत पाऊल टाकावं, तर अण्णांचा जीव. तू शपथेला हसणारी बाई नव्हतीस, तुला ती खरी वाटत होती. क्षणभर तू डोळे मिटलेस. मग उजवा पाय उचललास आणि उंबरा ओलांडून आत गेलीस, चुलत्यांच्या अंगावरून सरळ, आणि तुझ्या जावेला म्हणालीस, "तेल कुठं हाय गं? घाईत फोडणी घालायची ऱ्हायली."

आई, मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. यांच्याबरोबर छावण्यांमधून फिरले, मोठमोठ्या साहेबांच्या बायकांशी बोलले. पण असं वाक्य, अशा वेळी, मला कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. सगळ्यांना माहीत होतं की फोडणी राहिली नव्हती. चुलत्यांना माहीत होतं, लेकीला माहीत होतं, थोरलीला तर पक्कं माहीत होतं. पण तुझी जाऊ उठली आणि तिनं मुकाट्यानं तेलाचं भांडं काढून दिलं. तू त्यांची चूल फुंकलीस. मोहरी तडतडली, लसूण तेलात पडला, आणि तो वास भिंतीवरून माझ्यापर्यंत आला. मरणाचं अन्न तू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रोजचं जेवण करून टाकलंस. आणि लाज वाटते सांगायला, मला सपाटून भूक लागली.

थोरली म्हणाली, मला उठवून बसवा. तू तिला पाठीशी धरून घास भरवलेस. ती दोन दिवस काही खात नव्हती म्हणे, आणि आता खात होती, आणि वर मीठ कमी पडलंय म्हणून तुला बोलत होती. मग म्हणाली, म्हशीला सांगायचीस ते आता मला सांग. तू सांगायला लागलीस. चुलते बाहेर जाऊन पायरीवर बसले, आणि त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं.

आणि एक पाहिलं, ते तुला कधी बोलले नाही. निघताना तू त्यांच्या गोठ्यात आलीस, कुणी नाही बघून गाईच्या दावणीचा खांब धरलास आणि थरथर कापायला लागलीस. कपाळ खांबाला टेकून तू कुणाला तरी सांगत होतीस की उंबरा मी ओलांडलाय, त्यांनी नाही, जे काय असेल ते माझ्यावर घ्या. तू दगडाचा चिरा नव्हतीस तर. तू भ्याली होतीस, शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईसारखी कपाळावरच्या कुंकवाला भ्याली होतीस, आणि तरी गेली होतीस. मी भिंतीखाली बसले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले.

अण्णा आले तेव्हा तू पायावर पाणी घालता घालताच त्यांना सांगितलंस. लपवायचं तुझ्या स्वभावात नव्हतं. अण्णांचा चेहरा काळा पडला. मी शपत घातली हुती, म्हणाले. तू तांब्या खाली ठेवलास. "व्हय, तुमी घातली हुती. मी घेतली नव्हती." मग अण्णांनी हळूच विचारलं, खाती का काय चुलती? दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन ते बाहेर पडले, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू आला. पाण्याच्या पाळीचं भांडण काही लगेच मिटलं नाही, पण माणसं एकमेकांच्या घरी जायला लागली. थोरलीनं माझी लेक मांडीवर घेतली, तिला न्हाऊ कसं घालावं यावरून तुझ्याशी वाद घातला, आणि मग केव्हातरी खरंच गेली. तू पुन्हा टोपली भरून नेलीस, तेव्हा पुढं अण्णा होते.

त्या आठवड्यापासून तू सोमवार धरलेस. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायचीस, पोट हलकं ऱ्हातं. भर उन्हात उसाच्या सरीत दिवसभर खुरपं चालवायचीस, नुसत्या कोऱ्या चहावर. मला माहीत होतं तू कुणाचं आयुष्य मागतेस. आणि शेवटी तूच आधी गेलीस, हिरवा चुडा घालून. बायका म्हणाल्या, नशीबवान. मी मनात म्हटलं, नशीब कसलं, कमावलं तिनं.

तुझं तेरावं झाल्यावर अण्णांनी मला जवळ बसवून सांगितलं. चुलतीकडं जायच्या आधी, त्याच सकाळी, ते ग्रामदेवतेच्या देवळात गेले होते. नारळ फोडून शपथ मागं घेतली होती. आणि तुला कधीच सांगितलं नव्हतं. मी उसळलेच. एवढी वर्षं ती उपाशी राहिली, अण्णा, एक शब्द बोलता आला नाही? ते खाली बघत म्हणाले, "सांगनार हुतो. पर कुनीतरी आपल्यासाठी उपाशी ऱ्हातंय, ह्ये लय गोड वाटायचं गं." मी उठून गेले. राग आला होता, आणि त्या रागातही वाटलं, काय बाई होतीस तू, की एवढ्या हट्टी माणसाला तुझ्या उपासाची गोडी लागावी. पुढच्या सोमवारी त्यांनी ताट परत पाठवलं. साखरेचं दुखणं, माझा भाऊ ओरडला, डॉक्टर ओरडले, पण जाईपर्यंत त्यांनी सोमवार सोडला नाही.

आता तुम्ही दोघंही तिकडं. त्यांनी तुला सांगितलं असेल आणि तू त्यांना चांगलं फैलावर घेतलं असशील. हे कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. गेल्या वर्षी यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा मीही सोमवार धरायचा ठरवला, तुझी लेक म्हणून, जन्मभराचा. पहिल्याच सोमवारी, दुपार कलायच्या आत, ओट्याशी उभ्यानं शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली, दार लोटून घेऊन.