गैरहजर

परभणी, मंगळवार, १४ जून १९८८

सकाळी सुनंदा पूर्ण्याहून वडिलांना घेऊन कॉलेजात आली. यंदा बी.ए.च्या गुणपत्रिका पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर छापून आल्यात. तिच्या कागदावर माझ्याच इतिहासाच्या पेपरापुढे 'गैरहजर'. कॉम्प्युटरच्या कागदाला कडेनं असतात त्या भोकांच्या पट्ट्या तिनं फाडल्या नव्हत्या. म्हणाली, "राहू द्या सर, कागद फाटका म्हणून परत करतील."

ती हजर होती. पर्यवेक्षक मीच होतो, गैरहजरांचा तक्ताही मीच भरला होता. कपाटातली प्रत काढली. तिच्या पुढच्या नंबरचा विद्यार्थी आला नव्हता. त्याच्याऐवजी तिचा नंबर लिहिलाय. अक्षर माझंच. पूर्वी विद्यापीठात हातानं गुण उतरवणारे कारकून निरोप धाडायचे, सर, पेपर आलाय आणि मुलगी गैरहजर कशी? आता कोण विचारणार?

मी प्रत मिटली आणि म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक दिसते."

वडील रेल्वेत गँगमन. हसले. "आमी चुकलो तर सस्पेंड. मशीनला कोण सस्पेंड करतंय? माणसानं केलं असतं तर भांडलो असतो, सर."

तेव्हा तरी बोलायचं. का नाही बोललो?

बी.एड.च्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते. दुरुस्तीला दोन महिने लागतात, आणि विद्यापीठात आधी तक्ताच बघतील. तक्त्यात ती गैरहजरच आहे.

दुरुस्तीचा अर्ज मीच लिहून दिला. कारण : कॉम्प्युटरची चूक. तिनं खाली सही केली, भोकांच्या पट्ट्यांसकट गुणपत्रिका जोडली. 'जयभीम सर, लय उपकार झाले,' म्हणून दोघं स्टेशनकडे गेले.