उजवा कौल

अबू हलीफा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय आई,

नमस्कार. बाबांनाही सांग.

इथे आखातातही थंडी आहे. तू पाठवलेली दुपटी आणि आमसुलं पोचली. तुझा जावई सुयोग बरा आहे. हे हातानं लिहून फोटो पाठवते आहे, कारण फोनवर तू आधी "जेवलंस काय गो?" विचारशील आणि मला पुढचं बोलता येणार नाही.

फेब्रुवारीचं तिकीट काढू नकोस.

बाळाची हालचाल जाणवत नव्हती, म्हणून काल कामाच्या मधल्या वेळेत मी झरीनला माझी सोनोग्राफी करायला सांगितली. झरीन माझ्याबरोबर सोनोग्राफीच्या मशीनवर कामाला असते, रत्नागिरीची. आधी तिची नेहमीची बडबड चालू होती. "तुझं पोर माझ्यासारखं आळशी निघणार गो." मग तिनं स्क्रीन स्वतःकडे वळवली. "समिधा, जरा डॉक्टरांना बोलावते."

आमच्याकडे वाईट बातमी डॉक्टरच देतात. आम्ही एवढंच वाक्य बोलायचं. मी ते किती जणींना बोलले आहे. म्हटलं, "झरीन, वळव इकडे." हृदय कुठे बघायचं हे मला माहीत आहे. तिथं काही हलत नव्हतं.

बाळ गेलं, आई. आठव्या महिन्यात.

उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायचं आहे. औषध देऊन कळा आणतात. बाळंतपण पूर्ण होतं, फक्त शेवटी कोणी रडत नाही. यातला प्रत्येक टप्पा मला माहीत आहे. तरी हे पान मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. सुयोग आत पाळण्याचे स्क्रू काढतो आहे.

गणपतीनंतर तू देवळात कौल लावलास. रवळनाथाच्या उजव्या अंगावरची पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार, सगळं सुखरूप होणार म्हणून वाडीभर साखर वाटलीस. आता देवाशी भांडू नकोस. पुन्हा कौलही लावू नकोस. असं का, हे मीही काल विचारलं.  विचारत होते ते त्यालाच, हे नंतर लक्षात आलं. सुयोगला उद्या लेबर रूमच्या दारापर्यंतच येऊ देतील. दाराच्या आत मला दुसरं कोणी नाही, तुझा रवळनाथच आहे.

बाबांना देवापुढे गाऱ्हाणं घालायला सांग. काही मागू नका. एवढंच म्हणा, लेक घाबरली आहे, तिच्या पाठीशी उभा राहा. तू शेजारी उभी राहून त्यांच्या प्रत्येक वाक्याला नेहमीसारखं मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हण.

मीही इथून म्हणेन. आत्ताही म्हणते आहे.

व्हय म्हाराजा.

तुझी,
समिधा