गळ्याचं बटण

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अखेर तुझा सिनेमा पाहिला. शेजारीण सोबत होती. मध्यंतरात तिनं विचारलं, की तुमचा दीर घरीही असाच बघतो का हो, मला तर त्याला जेवायला वाढायची भीती वाटेल. मी पोट धरून हसले. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा तू, आणि पडद्यावर केवढा दरारा! तुझा इन्स्पेक्टर चांगला की वाईट, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शिव्या घालाव्यात तर डोळे भरून येत होते.

पण तो कोठडीतला प्रसंग! मारायच्या आधी तू त्या माणसाच्या गळ्याचं बटण मायेनं लावून देतोस.

ह्यांची चौकशी चालू आहे हे तुला ठाऊकच आहे. पोर पळवल्याच्या संशयावरून आणलेला तो ड्रायव्हर ह्यांच्याच पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेला. ह्यांनी लिहून दिलंय, की आपण त्या खोलीत गेलोच नाही. ड्रायव्हरची बहीण पहिल्यापासून सांगतेय, की भाऊ गळ्याचं बटण कधीच लावत नसे आणि प्रेतावर ते लावलेलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. आता तिनं सिनेमा पाहिलाय. त्यात तू दीडशहाणा मुलाखतीत सांगून बसलास, की सगळं भावाकडून शिकलो! आता तुला साक्षीला बोलावणार आहेत. काय सांगशील ते उलट टपाली कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी वहिनी

९ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भूमिका मिळाल्यावर मी तुमच्याकडे राहून गेलो, तेव्हा तू माहेरी होतीस. त्या ड्रायव्हरचं तेव्हा कुणी नावही ऐकलं नव्हतं. दुपारी स्वयंपाकघरात चहा घेताना मी दादाला विचारलं, की समोरच्याला बोलतं कसं करतोस. त्यानं कप ठेवला, जवळ आला, माझ्या गळ्याचं बटण लावलं, कॉलर नीट केली. म्हणाला, आई शाळेत धाडताना लावते तसं लावायचं, माणूस आतून ढासळतो. मला दरदरून घाम फुटला. आणि मी गाढव, घाम पुसता पुसता मनात म्हणालो, हे कॅमेऱ्यासमोर झकास दिसेल.

सोंगं करणं हे माझं पोटापाण्याचं काम, कबूल. पण शपथेवर, त्या बहिणीच्या तोंडासमोर खोटं माझ्याच्यानं बोलवणार नाही. दादाला सांग, खरं काय ते आपणहून बोल.

रागावलीस तरी चालेल, परकं करू नकोस.
तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ह्यांना विचारलं. एवढंच म्हणाले, की पोर टाकीत होती आणि पाणी हनुवटीला लागलं होतं. मग भिंतीकडे तोंड करून निजले. ड्रायव्हरनं जागा सांगितली म्हणून ती जिवंत हाती लागली, हेही खरंच ना रे? परवा ती पोर आईबरोबर आली, थेट ह्यांच्या मांडीवर बसली. हे तिला हात लावेनात. अन्न जात नाही ह्यांना. पिस्तूल जमा करून घेतलंय ते बरंच झालं, यातच समज.

दोन्ही हातांनी वाढवलं तुला, कधी काही मागितलं नाही. आज पदर पसरते. ते तुलाच सुचलं, एवढंच म्हण.

तुझ्यावाचून मला कुणी नाही.
वहिनी

२२ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

काल साक्ष दिली. म्हणालो, बटण माझीच कल्पना, मुलाखतीत भावाचं नाव घेतलं ते जाहिरातीपुरतं. थांबायचं तिथं थांबलो, एकदा आवाजही दाटू दिला. चौकशीच्या साहेबांनी फाइल मिटली. दादा सुटला, वहिनी.

बाहेर व्हरांड्यात ती बहीण उभी होती. वाटलं, आता थोबाडीत देणार. तिनं हात जोडले. म्हणाली, तुमच्या भावाला मी नाही नाही ते बोलले, मला माफ करा, तुमच्याकडे बघूनच कळलं की तुम्ही खरं सांगताय. मग म्हणाली, की तुमच्या घरातच पोलीस आहेत, तर त्यांना एकदा विचाराल का, त्या खोलीत मग कोण होतं?

मी विचारतो म्हणालो. तिनं फोन नंबर दिलाय. रोज वाट बघेन म्हणाली.

लोभ असावा, असं आज मागवत नाही.
धाकटा