माझ्या तेलाच्या गुडघ्याची व्यवस्था

मी, दौलतमोह, करमशोची मुलगी आणि नजरालीची विधवा, वय एकाहत्तर, राहणार चश्मासोर, पंज नदीकाठ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहीत आहे. सून परिनिसो दोनदा दारातून डोकावून "आई, काय लिहिताय?" असे विचारून गेली. त्याला धाक म्हणत नाहीत, पण नोंद करून ठेवते. शिक्षण चौथीपर्यंत. तब्येत उत्तम. जिल्ह्याच्या डॉक्टरने छाती तपासून "छान, छान" असे दोनदा म्हटले. एकदाच म्हटले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

गावसभेची चिटणीस जुलैखो सांगते की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. हे ऐकून मला फार आनंद झाला. म्हणून पहिली साक्षीदार माझी शेजारीण जुमागुल हीच राहील, हे आधीच लिहून टाकते. तिला सुतळीचा तोडा मिळणार नाही, आणि तिच्याविषयी खाली जे येईल त्याखाली सही मात्र तिलाच करावी लागेल.

एक. घर मुलगा सफरमद याला. तो रशियात इमारती बांधतो. फोनवर "आई, कशी आहेस" याच्या आधी "छत गळतं का" असे विचारतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते मला कळते. घर त्याचे, पण अंगणातली तुतीची दोन झाडे तोडायची नाहीत. तोडली तर घर नात शबनमचे.

दोन. मोठी कढई, शिलाईचे यंत्र आणि सहा नव्या गाद्या सून परिनिसो हिला. पोरगी कामसू आहे, भात मोकळा करते. फक्त गेला महिनाभर दुपारी जेवण झाले की फार गोड बोलते. "आई, जरा पडा ना. पाय काढून ठेवा, मांडीला हवा लागू दे." सुनेला सासूच्या झोपेची एवढी काळजी का, हा प्रश्न मी या कागदावर उघडा ठेवते.

तीन. माझा डावा पाय.

हा पाय माझ्या मालकीची सगळ्यात मोठी वस्तू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मूळचा पाय चोवीस वर्षांपूर्वी वरच्या उतारावर सुरुंगाने नेला. लढाईच्या दिवसांत सैनिकांनी सुरुंग पेरले आणि विसरून गेले. मी आणि जुमागुल सरपणाला गेलो होतो. आदल्याच दिवशी आमचे सरपणावरूनच वाजले होते. ती म्हणाली, "चल पुढे, काल इथून बकऱ्या गेल्यात." मी मोळी घेऊन पुढे गेले. पुढचे गावाला माहीत आहे. गावाने जे पाहिले नाही ते असे, की ती पक्क्या खडकावर सुखरूप उभी होती आणि तरीही माझ्याकडे नऊ पावले चालत आली. नवव्या पावलाला तिचाही डावा गेला, माझ्यासारखाच गुडघ्याच्या वर. लोक म्हणतात ती मला वाचवायला आली. माझी मोळी तिच्या मोळीच्या दुप्पट होती, हे लोक विसरतात. मी विसरलेले नाही. मी तिला त्याबद्दल कधी विचारले नाही आणि तिचे आभारही मानले नाहीत.

पहिला पाय मिळाला तो लोखंड आणि चामड्याचा होता. वजन दोन वर्षांच्या पोराएवढे. जुमागुललाही तसाच मिळाला. तिच्या मांडीला जखमा झाल्या, तेव्हा तिने तो गोठ्यात टांगला आणि "पाय म्हणजे सगळी फसवणूक" असे म्हणून कुबड्या धरल्या. त्याच्या वरच्या टोकाला मांडी बसवायची वाटी असते, तिच्यात तिची कोंबडी अंडी घालते. मी मात्र दर काही वर्षांनी नव्या पायासाठी राजधानीला, दुशांबेला, जात राहिले. दोन वर्षांपूर्वी तिथल्या पाय बनवणाऱ्या कारागिराने, उस्तो फैजिद्दीनने, माझ्या थोटकाभोवती एक दिवा फिरवला आणि म्हणाला, "झालं बीबी, माप घेतलं."

मी म्हटले, "प्लास्टर कुठंय? उजेडाला काय कळतंय मांडी किती जाड ते?"

"प्लास्टरपेक्षा जास्त कळतं."

विश्वास ठेवला नाही. घरून सुतळी नेली होती, त्या सुतळीने परत मोजायला लावले. जुळले. मग त्यांनी मला आरशासमोर बसवून उजव्या पायाची बोटे हलवायला सांगितली, म्हणजे गेलेल्या डाव्याचीच हलताहेत असे दिसते. रोज पंधरा मिनिटे. गेलेल्या पायाला बावीस वर्षे सुटणारी खाज महिनाभरात थांबली. मी आरशामागे जाऊन पाहिले. कोणी नव्हते.

आणि गुडघा! त्याच्या आत तेल आहे. उतारावर तो भसकन दुमडत नाही, मला सावकाश खाली सोडतो, जसा नजराली मला घोड्यावरून उतरवायचा. शबनमच्या लग्नात मी नाचले. लिहिताना आत्ताही हसू येते आहे. पण निघताना उस्तो म्हणाला, "बीबी, वाटी तुमच्याच मांडीची, ती दुसऱ्या कोणाला बसणार नाही. पण गुडघा आणि पाऊल तुमच्यानंतर तपासून दुसऱ्याला लावता येईल." माझ्यानंतर! नवा पाय घालून मी अजून दारापर्यंतही पोचले नव्हते.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. आणि गेला महिनाभर पाय रोज दुपारी हलतो आहे. मी तो भिंतीला टेकवून निजते, उठते तेव्हा बुटाचे टोक दुसरीकडे असते. म्हणून काल मी जमिनीवर राख पसरली. पीठ उत्तम झाले असते, पण पीठ पायदळी घालण्याएवढी माझी बुद्धी गेलेली नाही. उठून पाहते तर राखेत उजव्या गालोशाचा, म्हणजे रबरी जोड्याचा, ठसा, दोन्ही बाजूंना कुबडीची गोल भोके, आणि डावीकडे माझाच बूट. माझा पाय माझ्यावाचून चालला होता.

या गावात उजवा गालोश आणि दोन कुबड्या एकाच बाईकडे आहेत. पायाचे काय करायचे ते उद्या लिहीन.

(पुढचे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिले आहे. शुद्ध तीच.)

आज दुपारी मी निजण्याचे सोंग केले. परिनिसोने दार लोटले.

"ये खाला, झोपल्यात. घोरतायत."

"ती घोरत नाही, नाटक करते," जुमागुल म्हणाली. तरी आत आली. माझ्या पायाच्या वाटीत तिने दोन शाली कोंबल्या, ओढणीने बांधला, आज कुबड्या सोडून परिनिसोचा खांदा धरला आणि चालली. मी एका डोळ्याने पाहत होते. खिडकीपाशी तिने सुनेचा खांदा सोडला. गुडघ्याने तिला धरले. ती तिथेच उभी राहून रडू लागली, तोंडात पदर कोंबून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी उठून बसले. "काय गं चोरटे!"

"चोरी कसली? परत ठेवते की."

"रोज?"

"शुक्रवारी नाही."

"दुशांबेला ये म्हणून मी किती वेळा सांगितलं तुला!"

"तू सांगितलंस म्हणूनच नाही आले. दोन वर्षं भिंतीवरून तोंड काढून सांगतेयस, माझा गुडघा असा, माझा गुडघा तसा. कोण येईल?" मग डोळे पुसून म्हणाली, "पण खरंच धरतो गं हा."

परिनिसो चहा आणायला पळाली. तिथेच मी विचारून टाकले. चोवीस वर्षे गिळलेले बाहेर आले.

"त्या दिवशी तू नऊ पावलं कशाला आलीस? खरं सांग."

जुमागुलने पायाची गाठ सोडली, शाली काढल्या, घडी घातली. "मोळीसाठी," ती म्हणाली. "केवढी मोठी होती तुझी!"

मी लगेच म्हटले, "खोटं बोलतेस." तिच्या तोंडचा एकही शब्द मी आजवर खरा मानलेला नाही, आणि आज तर मुळीच मानणार नाही. येत्या सोमवारच्या गाडीने ती माझ्याबरोबर दुशांबेला येते आहे, दिव्याखाली बसायला.

म्हणून पायाबाबत असे ठरवते. तिला तिकडे स्वतःचा गुडघा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास माझ्यानंतर माझा तेलाचा गुडघा आणि पाऊल जुमागुलचे. वाटी उस्तोने तिच्या मापाची करावी. ती आधी गेली तर हे कलम रद्द, आणि तिने तसे मुद्दाम करू नये. मला आंघोळ घालण्यापूर्वी पाय काढून तिच्या हाती द्यावा.

चार. तेव्हा जमीन गोठलेली होती म्हणून आमचे दोन्ही डावे पाय दफनभूमीत एकाच खड्ड्यात पुरले आहेत. मला त्या खड्ड्याच्या पूर्वेला ठेवावे. पश्चिमेची जागा कोणालाही देऊ नये, ती घेतलेली आहे.

साक्षीदार:
~~जुमागुल, अझीजबेकची मुलगी~~. नाव खोडले, कारण तिला वारसा मिळतो. खोडणे माझेच.
१. मुल्लो शमसिद्दीन (सही)
२. जुलैखो, गावसभेची चिटणीस (सही)

समासातली तिसरी सही जुमागुलची आहे. नाव खोडले म्हणून ती रागावली आणि पेन हिसकावून घेतले. ती साक्ष म्हणून धरू नये, पण पुसूही नये.

दौलतमोह (सही)
चश्मासोर, नवरोझनंतरचा तिसरा शनिवार, २०२४