तुरेवाल्याची आजी

३ नोव्हेंबर
कामोठ्याला आले. नातू अश्विन गाडी घेऊन गावाकडं मला घ्यायला आला होता. आईबाप गेल्यावर मीच वाढवला त्याला. घर पाचव्या मजल्यावर, न्हानीघर इतकं चकाचक की पाय ठेवायची लाज वाटते. अश्विन 'तुरेवाला' नावाच्या तळलेल्या कोंबडीच्या कंपनीत हाय. काम काय, तर 'डबलपाव' नावाच्या दुसऱ्या कंपनीला मोबाईलवर टोमने मारायचे. शिकूनसवरून नळावरचं भांडन करतो, वर पगार घेतो. मी म्हनलं, आमी तर फुकट भांडायचो. पोट धरून हसला.

८ नोव्हेंबर
अश्विननं डबलपावचा बर्गर पुढ्यात ठेवला, वाटेल ते बोल म्हनाला. मी बोलले, हा पाव हाय का गादीतला कापूस, आनि आतली कोंबडी मी चावते का तीच मला चावते? त्यानं ते मोबाईलवर टाकलं. लाखांनी बघितलं म्हनं. आता दूधवाला बी 'तुरेवाल्याची आजी' म्हनून हाक मारतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
डबलपावनं पन आजी आनली. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली सत्यभामा, जन्मभर मासळी विकलेली. आमच्या कोंबडीला म्हनाली, हा तर सुकवायचा राहिलेला बोंबील! तोंड हाय बाईला. भेटली तर चहा पाजीन.

२२ नोव्हेंबर
डबलपावनं सत्यभामाचा हार घातलेला फोटो टाकला. आजी गेली म्हनं. सगळा मोबाईल रडतोय. मला चटका बसला. अश्विन म्हनाला, मेली नाय गं, घरात बसलीय, नाटक हाय, थोड्या दिवसांनी बर्गर खायला परत येईल. पन आता आमच्याकडं कुनी बघेना, साहेब त्याला शिव्या घालतोय. जेवताना अश्विन माझ्याकडंच बघत होता.

२५ नोव्हेंबर
शूटिंग झालं. पोटभर खाऊन आजी झोपली, असं दाखवायचं म्हनाला. डोळे मिटून पडले. श्वास जरा धर म्हनाला. धरला.

२९ नोव्हेंबर
मासळी घ्यायला खाली उतरले. मला बघून कोळीन पाटी सोडून मागं सरली. दिवाळ्याचीच ती. म्हनाली, सत्यभामा खरंच गेली, फोटोच्या पाठोपाठ. कशानं, ते कुनी विचारलं नाय. लोकांचं रडून आधीच झालं होतं.
मग म्हनाली, तुझा बी फोटो आलाय. डोळे मिटलेला. हार घातलेला.

३० नोव्हेंबर
अश्विनला विचारलं. मान वर केली नाय. थोडे दिवस गप बस, मग परत आनू म्हनाला. त्याचाच मोबाईल ओढून लेकीला, सुंदराला, फोन लावला. तिनं गावात माझं मेल्यावरचं पुन्यानुमोदन उरकलंय. इथंच जाळलं असं अश्विननं कळवलं होतं. आनि हे बी सांगून ठेवलं होतं, की कंपनीनं मशीनमध्ये आजीचा आवाज बनवलाय. माझ्या आईच्या आवाजात बोलू नका, म्हनाली पोर. फोन ठेवला.
या हातानं भरवलाय मी त्याला.

२ डिसेंबर
बाहेरून कुलूप. कोळनीनं सांगितलं असनार, आजी जिवंत हाय असं लोक लिहायला लागलेत. सकाळी साहेब फोनवर ओरडत होता. अश्विन म्हनत होता, खोटं ठरू देत नाही सर.

३ डिसेंबर
खिडकीतून हाका मारल्या. खाली मानसं जमली. सगळ्यांनी मोबाईल वर धरले. वर कुनी आलं नाय —

४ डिसेंबर
दोघं आलेत. अश्विन आनि साहेब. परत शूटिंग म्हनतात. शूटिंगचा दिवा आनला नाय. मोबाईल बंद करून टेबलावर ठेवलेत. विचारलं, मग टिपनार कशात? साहेब दाराकडं गेला. कडी लावली —
अश्विन खाली बसला. माझे पाय धरलेत. पाया पडतोय वाटलं — पन सोडत नाय — घट्ट —