चौथ्या भागातली अकरा वाक्यं

६ जानेवारी
तिवारीजींचा फोन. नेपियर टाउनच्या त्यांच्या स्टुडिओत काम आलंय. टायटॅनिकच्या समुद्रतळाशी पडलेल्या सांगाड्यावर डॉक्युमेंटरी, चार भाग, हिंदी आवाज द्यायचा. मुंबईच्या कंपनीला "वयस्क, रेडिओवाली" बाई हवी. रेडिओतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी वयस्क ऐकून जरा लागलं. हो म्हटलं.
हे म्हणाले, जबलपूरला समुद्र कुठे आहे. मी म्हटलं, वाचायला कुठे लागतो.

९ जाने.
स्क्रिप्ट आली. इंग्रजीवरून केलेलं हिंदी, जड. जहाजाचा "अग्रभाग", "पश्चभाग". असं कोण बोलतं? सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटला गेले होते, तिथल्या नाववाल्या भैयाला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात. तो म्हणाला, "आगा और पीछा. और क्या?" तेच लिहून टाकलं.

१३ जाने.
गळ्याच्या गाठीचा रिपोर्ट. वहीत आधी लिहिलं नव्हतं. दिवाळीनंतर हाताला लागली, उजवीकडे, सुपारीएवढी. सुई घालून तपासली होती. थायरॉइडची आहे, काढावी लागेल. आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते. डॉ. मॅडम म्हणाल्या, जपू, पण शब्द देत नाही. पुढच्याच आठवड्यात करा. मी महिनाअखेर मागितली.
"काहून?" हे डॉक्टरांसमोरच म्हणाले.
काम घेतलंय, म्हटलं.
डॉ. नी माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. ३१ दिली, त्यापुढे एक दिवस नाही. 

१४ जाने.
संक्रांत. तिळाचे लाडू जरा कडक झाले. हे कालपासून माझ्याशी बोलून नाही राहिले. पोरीला बंगलोरला मात्र ह्यांनी सगळं सांगून टाकलं. तिचा फोन. "आई, पिक्चर के लिए कोई ऑपरेशन टालता है क्या?" पिक्चर नाही, डॉक्युमेंटरी, म्हटलं. ती रडायला लागली. मग मला समजवावं लागलं की दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, डॉक्टरांनीच तारीख दिली. हे खरं आहे. पूर्ण खरं नाही.

१९ जाने.
भाग १ झाला. "आगा-पीछा" मुंबईनं पास केलं.
छोटी पाणबुडी खाली जाते, अडीच तास. काचेबाहेर नुसतं काळं. त्या दृश्यात मला चारच वाक्यं. बाकी वेळ पडद्याकडे बघत गप्प उभं राहायचं. तिवारीजी हात वर करतात, मी थांबते. खाली करतात, बोलते. बातम्या वाचायचे तेव्हा घड्याळ मागे लागलेलं असायचं. इतकं थांबायला कधी मिळालंच नाही.

२३ जाने.
भाग २ आणि ३. तिसऱ्यात दोन बाजूंची माणसं आहेत. एक म्हणतात, खालून ताटल्या, घड्याळं, दिवे वर आणा, नाहीतर सगळं गंजून संपेल. दुसरे म्हणतात, ते कब्रस्तान आहे, हात लावू नका. दोघांचंही वाचताना पटतं. मुंबईचा आग्रह, आवाज कुणाकडे झुकायला नको.
संध्याकाळी गळा जड. तिवारीजींना अजून सांगितलेलं नाही.

२७ जाने.
भाग ४ संपला. तळाच्या चिखलात बुटांची जोडी दाखवतात. माणूस राहिला नाही, हाडंही नाहीत, बूट तेवढे शेजारी शेजारी. तिथे मी तीनदा अडकले.
संपल्यावर तिवारीजींना ऑप. चं सांगितलं. त्यांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, दीदी, बसल्याच आहात तर अजून थोडं वाचा. काय वाचू? काहीही. टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं. मझौलीच्या बाजारातले धान्याचे भाव, वधू-वर पाहिजे, बरगी धरणाचं पाणी किती. तासभर, माइक चालूच. कशासाठी, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

३० जाने.
उद्या. बॅग भरली. हे आता बोलतात, पण नुसतं चष्मा घेतला का, चादर घेतली का.
झोपायच्या आधी म्हणाले, "काहीतरी बोल."
काय बोलू, म्हटलं. 

४ फेब्रुवारी
घरी. गाठ पूर्ण निघाली, डॉ. खूश. आवाज नाही. कुजबुज येते, ती ह्यांच्या कानापर्यंत जात नाही, डावा कान फॅक्टरीतच गेला त्यांचा, आणि कानाचं मशीन घालायचा कंटाळा. म्हणून मी कागदावर लिहिते. हे वाचतात आणि ओरडून उत्तर देतात, जशी मीच बहिरी.

१८ फेब्रु.
नाकातून दुर्बीण घालून बघितलं. उजवी बाजू हलत नाही. नस तुटलेली नाही, दमलीय, असं डॉ. म्हणाल्या. सहा महिने लागू शकतात. मी लिहिलं, नाही आला तर? त्या म्हणाल्या, तेव्हा बघू.

२४ फेब्रु.
तिवारीजी घरी. मोसंबी घेऊन. मुंबईनं चौथ्या भागातली अकरा वाक्यं बदलली. मी तर वाचू शकत नाही. कॉम्प्युटर वाचेल, माझ्याच आवाजात, त्या वर्तमानपत्राच्या एका तासावरून. म्हणजे त्यासाठी होतं ते. तिवारीजी म्हणाले, तेव्हा माझ्याही डोक्यात पक्कं नव्हतं, फक्त भीती वाटली. मी विश्वास ठेवला.
दोन कागद आणलेत. एक या अकरा वाक्यांचा. दुसरा पुढच्या सगळ्यासाठी. कंपनी अजून बुडालेल्या जहाजांवर करणार आहे, सगळीकडे हाच आवाज.
"आवाज़ तो आपकी ही रहेगी, दीदी."
पहिल्यावर सही केली. दुसरा ठेवून घेतला.

२५ फेब्रु.
ह्यांचं म्हणणं, दुसऱ्यावरही कर. मी लिहिलं, मी नसताना माझ्या आवाजानं काय काय बोलतील, ते मला कळणारही नाही. हे म्हणाले, "बोलू दे ना. मला तरी ऐकायला राहील."
 पेन्सिलनं भांडता येत नाही. लिहून होईपर्यंत राग उतरतो.

९ मार्च
रोज सकाळी आवाजाचे व्यायाम. भिंतीला तळवे टेकून, जोर लावून "आ". घसा दुखतो, बाकी काही नाही.

१६ मार्च, सोमवार
संध्याकाळी टीव्हीवर चौथा भाग. तिवारीजींना दुसऱ्या कागदाचं शुक्रवारी सांगायचंय, तो टेबलावरच होता.
सुरू व्हायच्या आधी ह्यांना लिहून दिलं: यातली अकरा वाक्यं माझी नाहीत, ओळखा. ह्यांनी कानात मशीन घातलं, ताठ बसले. कॉम्प्युटरवाली वाक्यं एकेक येऊन गेली. ह्यांनी एकही ओळखलं नाही. एकदोन ठिकाणी मान डोलावली. खरं तर मलाही दोन ओळखता आली नाहीत.
मग कॅमेरा कॅप्टनच्या खोलीत शिरतो. भिंत पडलीय, आतला न्हाणीचा टब दिसतो, गंजानं भरलेला. तिथे ह्यांनी बोट दाखवलं. "हे. हे तू नाहीस. इतकं कोरडं तू बोलतच नाहीस."
कागद घ्यायला हात गेला, पण घेतला नाही. बोलून पाहिलं.
"माझंच आहे ते."
खरखरीत, जाड, पण आवाज निघाला. ह्यांनी चटकन मान वळवली. टीव्ही बंद केला.
"पुन्हा म्हण."
पुन्हा म्हणून पाहिलं. या वेळी नुसती हवा आली.